वीसांतले उत्तम आठ

निवृत्तीबरोबर पगार जातो, कार्यालय जाते, लोकलचा ठरलेला डबा आणि त्यातली ठरलेली मंडळी जातात. या गोष्टींची चर्चा घराघरांत होते. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मुकाट्याने निघून जाते आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही. ती म्हणजे हार-जीत. सत्तरीच्या माणसाशी कोणी मनापासून स्पर्धा करीत नाही. नातवंडे पत्त्यांत मुद्दाम हरतात, मुले वाद अर्ध्यावर सोडून ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणतात. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु ज्याला कोणी हरवू इच्छीत नाही, त्याला जिंकण्याचा आनंदही मिळत नाही. शरीर सांभाळले जाते आणि उमेद मात्र हळूहळू विझते.

म्हातारपणी स्पर्धा असावी काय आणि असल्यास ती कशी असावी, या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर एका अशा खेळाने दिले आहे, ज्याच्याशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध दूरदर्शनपुरताच येतो. तो खेळ म्हणजे गोल्फ.

जोगेश्वरीहून हार्बर मार्गाची गाडी पकडून, वडाळ्याला गाडी बदलून चेंबूरला जावे, तर तेथे १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे अठरा होलचे मैदान आहे. मुंबईत हा खेळ त्याहूनही जुना. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ सालचा. अशा क्लबांचे सभासदत्व मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातले नाही, हे उघड आहे. तेव्हा प्रस्तुत लेखाचा उद्देश वाचकांना गोल्फ खेळायला पाठविण्याचा नाही. या खेळात पंचावन्न वर्षांचा आणि ऐंशी वर्षांचा खेळाडू एकाच सकाळी, एकाच मैदानावर, एकमेकांशी प्रामाणिकपणे कसे लढतात, ते समजून घेण्याचा आहे. ती रीत समजली की ती आपल्या अंगणातही आणता येते.

हौशी ज्येष्ठांच्या आंतरराष्ट्रीय गोल्फ स्पर्धांत प्रवेशाचे वय साधारणतः ५५ धरले जाते. हौशी म्हणजे ज्याचे पोट खेळावर अवलंबून नाही असा. आपल्याकडे पावसाळा सरला, जमीन वाळली की या खेळाला रंग चढतो आणि उन्हाचा ताप वाढेपर्यंत तो टिकतो. एका फेरीला चार-साडेचार तास लागतात आणि पायी खेळल्यास सात-आठ किलोमीटर चाल सहज होते. हंगामभर एकामागून एक स्पर्धा असल्या की खेळणाऱ्याच्या वर्षाला आकार येतो. पुढच्या महिन्यात काहीतरी आहे, त्यासाठी आज गुडघ्याचे व्यायाम केले पाहिजेत, ही भावना औषधाच्या वेळापत्रकापेक्षा निराळी असते.

आता या खेळातील दोन युक्त्या पाहू. पहिली ‘हँडिकॅप’. आपण हा शब्द अपंगत्वाच्या अर्थाने ऐकत आलो. खेळातला त्याचा अर्थ जुना आणि वेगळा आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन शर्यत बरोबरीची करतात, त्याला हँडिकॅप म्हणतात. गोल्फमध्ये उलट बाजूने तेच साधले जाते. दुबळ्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते. समजा, एकाची सूट १० आहे आणि दुसऱ्याची २८. पहिल्याने ८४ फटक्यांत फेरी पूर्ण केली, दुसऱ्याने ९९ फटक्यांत. सूट वजा जाता पहिल्याचे ७४ उरतात, दुसऱ्याचे ७१. कमी फटके लागणारा विजयी. म्हणजे दुसरा जिंकला. ही मेहेरबानी नव्हे. त्या दिवशी तो स्वतःच्या कुवतीच्या मानाने अधिक चांगला खेळला, म्हणून जिंकला.

ही सूट ठरते कशी? २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आहे. खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्या घेतात, मैदानाच्या अवघडपणानुसार त्यांचा हिशेब करतात आणि त्यांतील उत्तम आठ फेऱ्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा बाजूला ठेवल्या जातात. हा नियम वृद्धत्वाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटतो. उतारवयात वाईट दिवस येतातच. रात्री झोप लागत नाही, सांधे आखडतात, मन उगाच खिन्न होते. माणूस त्या बारा दिवसांवरून स्वतःला मोजू लागतो आणि ‘आता माझ्याने होत नाही’ या निष्कर्षाला येतो. येथील हिशेब म्हणतो, तुमची कुवत तुमच्या चांगल्या आठ दिवसांवरून ठरवू. त्याच वेळी हा हिशेब निर्दयपणे ताजाही आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा पराक्रम त्यात धरला जात नाही. नवी फेरी नोंदली गेली की सर्वांत जुनी गळून पडते. वय वाढले, ताकद घटली, तर सूट आपोआप वाढते. कोणाला कमीपणा घ्यावा लागत नाही.

दुसरी युक्ती एका शल्यचिकित्सकाची आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी योजलेली गुणपद्धती १९३२ साली इंग्लंडमधील वॉलसी येथील क्लबात वापरात आली. त्यापूर्वी सगळे फटके एकत्र मोजले जात. आरंभीच एखादा होल बिघडला की दिवसच वाया गेल्यासारखा होई. डॉक्टरांच्या पद्धतीत प्रत्येक होलला स्वतंत्र गुण मिळतात. आपल्या सुटीसह अपेक्षेइतके फटके लागले तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. शून्याखाली काही नाही. चेंडू उचलावा आणि पुढच्या होलकडे चालू लागावे. एका पडझडीने सगळा डाव बुडत नाही, हे सांगणारा नियम एका डॉक्टरने करावा, हा योगायोग मला आवडतो.

या खेळाचा आरोग्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे ३ लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. समान वय, लिंग आणि सामाजिक-आर्थिक स्थितीच्या इतर लोकांशी तुलना करता खेळाडूंचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. यावरून गोल्फनेच आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही. जे मुळात धडधाकट असतात तेच खेळत राहतात, हाही भाग आहे. परंतु मोकळ्या हवेतील दीर्घ चाल, सोबत आणि पुढच्या डावाची ओढ हे तिन्ही एकत्र आले की त्याचा लाभ होतो, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता घरच्यांच्या काळजीचा मुद्दा. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, आईच्या खुब्याचे ऑपरेशन झाले की आपण प्रथम खेळ बंद करतो. २००९ साली टर्नबेरी येथील ब्रिटिश ओपनमध्ये टॉम वॉटसन हा ५९ वर्षांचा खेळाडू बरोबरीत येऊन, अखेरच्या जादा होलमध्ये स्ट्यूअर्ट सिंककडून हरला. त्याआधी वर्ष पुरे होण्याच्या आत त्याच्या खुब्याचा सांधा बदललेला होता. तो आयुष्यभराचा व्यावसायिक खेळाडू. त्याच्याशी आपली तुलना नको. पण ऑपरेशन हा खेळाचा शेवट असतोच असे नाही, इतके त्यातून घ्यावे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. छातीत दडपण आल्यावरही ‘हा एवढा डाव संपवतो’ म्हणणारे ज्येष्ठ आपण पाहिले आहेत. खेळ बंद करणे आणि पूर्वीच्याच जोमाने रेटणे, या दोन्ही टोकांना एकच उत्तर आहे: सूट बदला, डाव चालू ठेवा.

हे जोगेश्वरीत कसे करावे? येथे मोकळी जागा थोडी, पूर्वेला चढउतार, पदपथांवर गर्दी. तरी सोसायटीचे आवार, उद्यानातील फेरीचा मार्ग आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा कॅरम बोर्ड एवढे भांडवल पुरेसे आहे. चालण्याचेच उदाहरण घ्या. दोन किलोमीटरचा एक ठरावीक, सपाट मार्ग निवडा. प्रत्येकाने वीस सकाळी तो चालून वेळ वहीत लिहावी. त्यांतील उत्तम आठ वेळांची सरासरी ही त्याची कुवत. एकाची सरासरी २४ मिनिटे आणि दुसऱ्याची ३१ निघाली, तर स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्याने सात मिनिटे आधी निघावे. दोघे शेवटच्या वळणावर जवळजवळ एकत्र येतील आणि मग खरी चुरस होईल. हीच रीत कॅरमला लावता येते. कमी खेळलेल्याला काही गुण आधीच देऊन डाव मांडावा. वॉकर किंवा काठी घेऊन चालणाऱ्यालाही या हिशेबात पूर्ण जागा आहे. कार्तिक ते फाल्गुन असा हंगाम ठरवावा, महिन्याला एक स्पर्धा ठेवावी, वही एकाने सांभाळावी. गोल्फमध्ये एकाचे गुण दुसरा लिहितो आणि दोघे सही करतात. तो शिरस्ता येथेही पाळावा. नातवंडांना हवे तर स्पर्धेत घ्यावे, पण मुद्दाम हरण्याची मुभा त्यांना नसावी.

हंगाम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून एवढे विचारावे: रक्तदाब आणि साखर कोणत्या मर्यादेत असताना खेळावे, सकाळच्या गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतील काय, हृदयाची तपासणी आवश्यक आहे काय. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके श्रमानेही फारसे वाढत नाहीत, म्हणून मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. साधी कसोटी अशी की चालताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी. इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी स्पर्धेत उतरू नये आणि खिशात साखर ठेवावी. आरंभी दहा मिनिटे संथ चालून अंग मोकळे करावे. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला असून, त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांसाठीचे व्यायाम सांगितले आहेत. वीस सकाळींच्या सरावात यांतील चालण्याचा भाग बराचसा बसतो; तोल आणि ताकद यांसाठीचे व्यायाम मात्र वेगळे करावे लागतात.

छातीत दुखणे वा दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, अचानक घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास डाव तेथेच थांबवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जोगेश्वरी पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचे हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. आपल्या मार्गापासून जवळचे रुग्णालय कोणते, हे वही सांभाळणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

काळजी घेणाऱ्या मंडळींना एक विनंती. संध्याकाळी ‘गोळी घेतली का’ हे अवश्य विचारा; त्याच्या जोडीला ‘आजची वेळ किती लागली’ हेही विचारत जा. पहिल्या प्रश्नात आपण त्यांच्या आजाराची चौकशी करतो, दुसऱ्यात त्यांची. वहीत आजचा आकडा वाईट असेल तर हरकत नाही. तो बहुधा त्या बारांपैकी एक असेल.