शाळू कोणी पेरला?

17 सप्टेंबरला दुधनीच्या हद्दीपलीकडे कलबुर्गीत आणि वर मराठवाड्यात हैदराबाद मुक्तीचे झेंडे लागतात. भाषण ठरलेलं असतं: 13 सप्टेंबर 1948 रोजी फौजा शिरल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला, प्रश्न संपला. माझा आक्षेप या 'संपला'ला आहे.

आपल्याकडे शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. तूर रानात उभी असते, ती डिसेंबर-जानेवारीत निघते. त्या महिन्यात जो गाव सोडून पळाला त्याची पेरणी गेली, तूर राखणीविना राहिली. दोन महिन्यांनी परतला तरी वाफसा त्याच्यासाठी थांबलेला नसतो. मग फेब्रुवारी-मार्चला घरात नवी ज्वारी येणार कुठून? लढाई पाच दिवसांची होती, भाकरीची तूट वर्षाची.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात हा मुलूख पाहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेले. राज्यभरात 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज त्यांनी दिला. आपले लोक हा आकडा पाठ करतात आणि तिथेच थांबतात. त्याच अहवालात लूट झाल्याची, घरं-जमिनी बळकावल्याची नोंद आहे. तिच्यावर कोण बोलतं? मेलेल्याला भाकरी लागत नाही, त्याच्या मागे राहिलेल्या बाईला लागते. आणि जमीनच गेली तर एक हंगाम नव्हे, सगळेच हंगाम गेले.

आता आपल्या मोहल्ल्यालाही सुनावतो. रझाकारांच्या धाकाने त्याआधी हिंदू कुटुंबं घरदार, शेत टाकून सोलापूर-बार्शीकडे आलीच होती. लातूरचा वकील कासिम रझवी याची तरफदारी करून आपलं दुःख खरं ठरत नाही. (उर्दूतला 'फाका' मराठीत 'फाके' होऊन राहिला, तो दोघांच्याही घरात पडला.)

लोकांना उपाशी ठेवून लढण्याचा निषेध करणारा 2417 क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने मे 2018 मध्ये केला. तरी ऑगस्ट 2024 मध्ये सुदानच्या झमझम छावणीत, विस्थापितांच्या छावणीतच, दुष्काळ जाहीर करावा लागला. त्यावर आपण हळहळतो, तेही ठीक. पण तोच हिशोब शेजारच्या तालुक्यात मांडायला आपल्याला 75 वर्षं पुरली नाहीत.

अजून ज्या घरात त्या काळचे म्हातारे आहेत, त्यांना किती मेले ते विचारू नका. त्या साली रान कोणी पेरलं आणि रास कोणाच्या घरी गेली, ते विचारा.