खंडणीखोराचे बळ कशात आहे?

'खंडणी' हा शब्द मराठीला इतिहासाने दिला आहे. पराभूत संस्थानिक विजेत्याला जी रक्कम देई तिच्यात मांडलिकत्वाची कबुली असे. आज हा शब्द गुन्हेगारीच्या बातम्यांत आढळतो, तेव्हाही त्याचा मूळ अर्थ सुटलेला नाही. धमकीला भिऊन पैसे मोजणारा दुकानदार केवळ रक्कम गमावत नाही. आपल्या जीविताची हमी सरकारखेरीज दुसरीच कोणी सत्ता देते, हे तो निमूटपणे मान्य करतो. खंडणी हा म्हणूनच केवळ मालमत्तेविरुद्धचा गुन्हा नव्हे, तर राज्यसंस्थेच्या अधिकारावरील आघात होय.

या आघाताचे स्वरूप मुंबईने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुरेपूर अनुभवले. बांधकाम व्यावसायिक, उपाहारगृहांचे मालक, चित्रपटनिर्माते यांना परदेशातून दूरध्वनी येत. 12 ऑगस्ट 1997 रोजी गुलशन कुमार यांची अंधेरीत भरदिवसा हत्या झाली आणि 21 जानेवारी 2000 रोजी राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा प्रत्येक घटनेचा परिणाम एका कुटुंबापुरता राहत नाही. एकाच्या रक्ताने शंभरांची वसुली सुकर होते. खंडणीचा धंदा चालतो तो या हिशेबावर.

या संकटावर कायद्याचा उपाय झाला नाही असे नाही. 1999 मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. जामिनाच्या अटी त्याने कडक केल्या आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य ठरविला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने खंडणीची कमाल शिक्षा 3 वर्षांवरून 7 वर्षांवर नेली आणि मृत्यूची भीती घालून घेतलेल्या खंडणीस 10 वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद कायम ठेवली. कायद्याच्या पुस्तकात उणीव फारशी उरलेली नाही. तरीही 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड आल्यामुळे ही हत्या झाली, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खंडणीचे जाळे महानगरापुरते मर्यादित नाही, हे या प्रकरणाने ग्रामीण महाराष्ट्राला दाखविले.

मग अडते कोठे? शिक्षा कितीही मोठी असली, तरी ती होण्यासाठी प्रथम तक्रार लागते आणि पुढे साक्ष लागते. या दोन्ही पायऱ्यांवर धमकावलेला माणूस एकाकी असतो. मुंबईत चित्रपटसृष्टी व गुन्हेगारी टोळ्या यांच्या संबंधांविषयीच्या गाजलेल्या खटल्यात अनेक नामवंत साक्षीदार उलटले. आपल्याला धमकी आल्याचे 2003 मध्ये न्यायालयात सांगण्याचे धैर्य प्रीती झिंटा यांनी दाखविले, आणि तेच बातमीचा विषय ठरले. ज्यांच्या पाठीशी पैसा व प्रसिद्धी आहे त्यांची ही अवस्था असेल, तर तालुक्याच्या गावच्या किराणा दुकानदाराकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला पोचतो? साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिली. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशी योजना करणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले. परंतु कागदावरील योजना आणि रात्री दारापाशी उभा असलेला शिपाई यांत अंतर असते.

विश्वासाचाही प्रश्न आहे. 2021 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून बदली झालेल्या अधिकाऱ्याने राज्याच्या गृहमंत्र्यांवर वसुलीचे आरोप केले आणि पुढे त्या अधिकाऱ्यावरच खंडणीचे गुन्हे नोंदले गेले. या आरोप-प्रत्यारोपांचा न्यायालयीन शेवट काहीही होवो. ते वाचणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात 'तक्रार करावी ती कोणाकडे?' हा प्रश्न उभा राहिला, हे नुकसान भरून येणे सोपे नाही.

या बाबतीत सिसिली बेटाचा अनुभव बोधप्रद आहे. पालेर्मो शहरात माफियाला हप्ता देणे ही जणू रीतच होती. लिबेरो ग्रासी या कापड-उद्योजकाने जानेवारी 1991 मध्ये वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहून पैसे देण्यास नकार दिला. शहरातील इतर उद्योजक त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत; 29 ऑगस्ट रोजी त्यांची हत्या झाली. त्यांचे शौर्य व्यर्थ गेले नाही, पण ते एकट्याचे होते म्हणूनच त्यांना प्राणाचे मोल द्यावे लागले. इटलीने हा धडा घेतला. खंडणी नाकारणाऱ्याचे जे नुकसान होईल ते भरून देणारा सरकारी निधी त्यानंतर काही महिन्यांतच स्थापन झाला. 2004 मध्ये पालेर्मोच्या तरुणांनी 'अद्दियोपित्सो' ही चळवळ सुरू केली. हप्ता न देणाऱ्या दुकानांची यादी प्रसिद्ध झाली आणि तेथूनच खरेदी करण्याचा शब्द ग्राहकांनी दिला. शेकडो दुकाने एकत्र नकार देतात तेव्हा खंडणीखोराने गोळी झाडावी कोणावर?

महाराष्ट्रात याची नक्कल जशीच्या तशी होणार नाही. तथापि तत्त्व घेता येण्याजोगे आहे. व्यापारी संघटनांनी सभासदाची तक्रार स्वतःच्या नावाने पुढे न्यावी, त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात व न्यायालयात उभे राहावे. तक्रारीनंतर जाळपोळ वा मोडतोड झाली, तर भरपाईची जबाबदारी सरकारने विनाविलंब पत्करावी. तक्रार फोडणाऱ्या पोलिसास साध्या बदलीवर सोडू नये.

आता ही धमकी दुकानाची पायरी ओलांडून घरात शिरली आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्त शिक्षक व कर्मचारी यांना तासन्‌तास मोबाइलसमोर बसवून आयुष्यभराची पुंजी काढून घेतली जाते. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. 1930 हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. येथेही ठगाची पहिली अट असते ती 'कोणाला सांगू नका' हीच. खंडणीखोराचे खरे बळ त्याच्या पिस्तुलापेक्षा या मौनात अधिक आहे. ते मोडण्याचे ओझे धमकावलेल्या माणसावर एकट्यावर टाकणारा समाज, नकळत का होईना, खंडणीखोराच्याच बाजूने उभा असतो.