रंगकामाच्या यादीत मांजर कुठे आहे?

गणपतीचे विसर्जन झाले की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये ग्राइंडरचा आवाज सुरू होतो. दिवाळीच्या आत रंग व्हायला हवा, ओटा बदलायचा तर याच महिन्यात, आणि भिंतीला आलेली ओलही पाऊस थांबल्यावरच काढता येते. कंत्राटदार वहीत यादी करतो: लांबी, प्रायमर, रंगाचे दोन हात, टाइल्स, प्लायवूड, राडारोडा उचलण्याचे वेगळे पैसे. घरातली माणसे कुठे झोपतील, चहा कुठे होईल, कपाट कुठे सरकवायचे, याचाही खल होतो. कुत्र्या-मांजराचा विषय मात्र निघतो तो सकाळी साडेनऊला बेल वाजल्यावर, रंगारी दाराबाहेरूनच ‘आधी त्याला बांधा’ म्हणतात तेव्हा. मग ते बाल्कनीत जाते किंवा बाथरूममध्ये, आणि दिवस सुरू होतो.

बांधले म्हणजे प्रश्न मिटला, असे घरच्यांना वाटते. तो मिटलेला नसतो. जनावर कामाच्या मध्ये येईल, डबा सांडेल, कुणाला चावेल हा धोका बांधल्याने टळतो. पण तो मुख्यतः माणसांचा धोका आहे. जनावराचे नुकसान होते ते हवेतून, फरशीवरून आणि भीतीतून. आणि त्याचे शरीर म्हणजे माणसाच्या शरीराची लहान आवृत्ती नव्हे, ही गोष्ट घराचे काम काढताना फारशी कुणाच्या ध्यानात नसते.

फरशीपासून सुरुवात करू. भिंत घासली की धूळ खाली बसते. माणसाचे नाक फरशीपासून पाच फुटांवर असते, कुत्र्याचे वीतभर अंतरावर. माणूस पायांत चप्पल घालून त्या धुळीतून जातो, संध्याकाळी आंघोळ करतो. मांजराची आंघोळ म्हणजे त्याची जीभ. पंजाला, केसांना जे लागेल ते सगळे पोटात जाते. ओल्या सिमेंटचा सामू 12 ते 13 इतका असतो, म्हणजे ते चांगलेच दाहक अल्कली आहे. त्यावरून चाललेल्या कुत्र्याच्या पंजांना भाजल्यासारखी जखम होऊ शकते आणि ते पंजे त्याने चाटले तर जिभेलाही. टाइल्सच्या कामात पावलांचे ठसे उमटले म्हणून चिडणारे घर पंजे धुवायला विसरते.

जुन्या रंगाची गोष्ट अधिक गंभीर आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारे-खिडक्यांवर, विशेषतः जुन्या ऑइलपेंटच्या थरांत, शिसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच काम करायला हवे. चाळीतल्या किंवा वाड्यातल्या चौकटीवर असे पाच-सहा थर एकावर एक असतात. ते कोरड्या काचपेपरने घासले की शिसे धुळीत उतरते. कुत्र्यात शिशाची विषबाधा उलट्या, पोटदुखी, भूक मरणे अशी सुरू होते. पुढे झटकेही येतात. सुरुवातीची लक्षणे इतकी सर्वसाधारण असतात की ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून ती सोडून दिली जातात. अमेरिकेत घरातल्या पाळीव प्राण्यात आधी शिसे सापडले, म्हणून त्या घरातल्या मुलांची तपासणी केली आणि त्यांच्याही रक्तात ते निघाले, अशा प्रकारांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फरशीवर रांगणारे मूल आणि फरशीवर लोळणारा कुत्रा यांच्या वाट्याला एकच धूळ येते. त्यामुळे पाणी मारून वॉटर पेपरने घासायला सांगणे आणि संध्याकाळी केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, हे लाड नव्हेत.

मांजराची अडचण वेगळीच आहे. फिनॉलसारखी रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात जी यंत्रणा असते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरात चालतच नाही. त्यासाठी लागणारे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. म्हणून माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि म्हणूनच राडारोडा उचलून झाल्यावर ‘आता स्वच्छ करू’ म्हणून फरशीवर ओतलेले काळे फिनेल मांजरासाठी धुळीपेक्षाही वाईट ठरू शकते. वाळवी किंवा झुरळांसाठीची फवारणीही अनेकदा याच दिवसांत उरकली जाते. त्यातल्या परमेथ्रिनच्या गटातील कीटकनाशके कुत्रा बऱ्यापैकी सहन करतो, मांजराला त्यांनी थरथर सुटते, झटके येतात. फवारणी करणाऱ्याला घरात मांजर आहे हे सांगणे आणि औषधाचे नाव विचारून घेणे, एवढे तरी केलेच पाहिजे. ‘हर्बल आहे, काही होत नाही’ हे त्याचे उत्तर नाव विचारल्यावर बऱ्याचदा बदलते.

पक्ष्यांच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसाला हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यामुळे भरपूर मिळतो, आणि हवेतले विषही तितक्याच चोखपणे आत जाते. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. ही पद्धत तिथे 1986 मध्ये बंद झाली. घरातल्या बजरीगारची, लव्हबर्डची शरीररचना काही निराळी नाही. (पिंजऱ्यात देशी पोपट असेल तर प्रश्न रंगाच्याही आधीचा आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही.) शिवाय ओट्याचे काम निघाले की शेगडी हॉलमध्ये येते, आणि पिंजराही बहुधा हॉलमध्येच असतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, तेही माणसाला वास येण्याच्या आत. माशांचे काय, असे कुणी विचारत नाही; टाकी तर झाकलेली असते. पण टाकीत बुडबुडे सोडणारा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात ढकलतो. खोलीत थिनर असेल तर तो थिनरची हवा ढकलतो.

यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले आहे: हल्लीचे रंग बिनवासाचे असतात. पाण्यात मिसळायचे नवे रंग जुन्या ऑइलपेंटपेक्षा खरोखरच बरे आहेत, त्यांतून उडणारी रसायने बरीच कमी असतात. पण वास कमी असणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग बिनवासाचा असला तरी दारांना ऑइलपेंट लागतो, लाकडाला पॉलिश, सनमायका चिकटवायला सोल्यूशन. नव्या प्लायवूडमधून आणि एमडीएफमधून फॉर्माल्डिहाइड महिनोन्‌महिने निघत राहते. कामगार गेले, फरशी चकाकली, म्हणजे हवा मोकळी झाली असे नसते. खिडक्या उघड्या ठेवण्याचे दिवस खरे तर तेव्हा सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच नव्या फर्निचरवर धूळ नको म्हणून त्या लावल्या जातात.

मग भीती. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45 हजारांपर्यंत, मांजराला 60 हजारांच्याही पुढे. ग्राइंडरने टाइल कापताना माणसाला जे ऐकू येते त्याच्यापलीकडचेही त्यांना ऐकू येते, आणि हे थांबणार आहे हे त्यांना सांगता येत नाही. कुत्रा भुंकतो, ओरखडतो, त्यामुळे त्याचा त्रास निदान दिसतो. मांजर गप्प बसते. घरच्यांना वाटते, शहाणे आहे, कपाटामागे झोपले आहे. पण ताणाखालच्या मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हा पशुवैद्यकांच्या रोजच्या अनुभवातला आजार आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबू शकते, आणि तुंबलेला बोका उपचाराविना दोन-तीन दिवसांत दगावतो. काम चालू असताना मातीचा डबा नेहमीच्या जागेवरून उचलला, बाथरूममध्ये टाइल्सच्या पेट्यांमागे ठेवला, तिथे जायला बोका घाबरला, आणि त्या गडबडीत तो लघवीला गेला की नाही हे कुणी पाहिलेच नाही; असे प्रकरण सुरू व्हायला एवढे पुरे होते. रंगाच्या रसायनांबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या निम्मेही या डब्याबद्दल बोलले जात नाही.

बाल्कनीचा उपाय तर मुळातच तपासून पाहायला हवा. गणपती ते दिवाळी म्हणजे ऑक्टोबरची तलखी. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. काचा लावलेल्या पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी चार तास म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. त्यात रंगासाठी ग्रिल काढलेली असते, जाळी सोडलेली असते. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली होती. ‘मांजर चार पायांवर पडते’ याचा पुरावा म्हणून हा आकडा आजही फिरतो. जी जागीच मेली ती दवाखान्यापर्यंत आलीच नसणार, हे मात्र कुणी सांगत नाही. बाथरूमचे वेगळे: तिथे ऊन नसते, पण हात धुवायला, ब्रश धुवायला दर अर्ध्या तासाने कुणीतरी दार उघडणारच. उघड्या मुख्य दारातून पळालेली मांजरे अशाच दिवसांत हरवतात.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. रस्त्यावरची कुत्री वाळूच्या आणि सिमेंटच्या ढिगांवर झोपतात, त्यांना काय होते? काय होते हे कुणी मोजत नाही, हा उत्तराचा एक भाग. दुसरा महत्त्वाचा. धूर असह्य झाला, आवाज वाढला, तर रस्त्यावरचा कुत्रा उठून पलीकडच्या गल्लीत जातो. घरातल्याला तसे जाता येत नाही. दार लावलेले आहे आणि ते माणसाने लावलेले आहे. जाण्याची मुभा काढून घेतली की हवा, पाणी आणि सावली पाहण्याची जबाबदारी आपोआप दार लावणाऱ्यावर येते. आखूड साखळीला जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा 1960 च्या कायद्याने क्रूरतेचा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात ‘रंगकाम सुरू असल्यास’ अशी सवलत नाही.

तरीही प्रत्येकाला जनावर आठवडाभर बाहेर ठेवणे परवडत नाही. पाळणाघरांचे दर पाहता, टू-बीएचकेला रंग काढणाऱ्या कुटुंबाला तो सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. त्याची गरजही नाही. जुना रंग खरवडणे, ऑइलपेंट-पॉलिश आणि कीटकनाशकाची फवारणी हे तीन टप्पे कंत्राटदाराकडून आधीच लागोपाठच्या दिवसांत लावून घ्यावेत आणि तेवढ्यापुरते जनावर हलवावे. कुत्रा माणसाला धरून असतो. ओळखीच्या मावशीकडे तो रमेल. मांजर जागेला धरून असते, त्यामुळे उरलेल्या दिवसांत त्याला घरातच, ज्या खोलीचे काम शेवटी आहे तिथे, दाराच्या फटीला ओले फडके लावून, त्याच्या डब्यासह आणि जुन्या, न धुतलेल्या चादरीसह ठेवलेले बरे. बाहेर चिठ्ठी लावावी. पक्षी आणि त्यांचा पिंजरा मात्र पहिल्या दिवशीच शेजारच्या इमारतीत जावा आणि रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच परत यावा.

रंगाऱ्यालाही आधी सांगायला हवे. घरात कुत्रा आहे हे दार उघडल्यावर कळणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि ‘काही करत नाही तो’ हे वाक्य रोजंदारीवर आलेल्या, कधीतरी कुत्रा चावलेल्या माणसाला ऐकवण्यात अर्थ नाही. जनावराला धुळीतून हलवताना त्याच धुळीत आठ तास उभ्या असणाऱ्याच्या तोंडाला फक्त रुमाल आहे, हेही दिसावे. ओट्यासाठी कृत्रिम दगड कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो दगड जिन्याच्या चौकात कोरडाच कापला जातो. पाणी सोडून कापा, एवढे घरमालकाने म्हटले तर कापणाऱ्याचीही फुफ्फुसे वाचतात आणि कुत्र्याचीही.

इतके करूनही अंगावर ऑइलपेंट सांडलाच तर तो टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने पुसू नये. माणसाच्या हातावर चालणारा हा इलाज जनावराची कातडी भाजतो आणि मग ते ती जागा चाटते. केस कापून टाकावेत, तोवर चाटू देऊ नये. थिनर पोटात गेला असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये, उलटीबरोबर तो फुफ्फुसात शिरतो. डबा हातात घेऊन थेट पशुवैद्यक गाठावा. बोका पुन्हा पुन्हा डब्यात जाऊन बसत असेल आणि माती कोरडीच राहत असेल, तर त्याच रात्री.