आजोबांचा कागद

दोस्तांनो, शाळा सोडल्याचा दाखला कधी नीट वाचलाय? नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा... आणि त्यातच कुठेतरी एक रकाना असतो, 'राष्ट्रीयत्व'. कारकूनकाका तिथे 'भारतीय' असं लिहितात आणि पुढे सरकतात. आपल्याला विचारतसुद्धा नाहीत! जन्मतारीख चुकली तर घरात केवढा गोंधळ होतो, पण या शब्दाकडे कुणी ढुंकून बघत नाही. काही लोकांना मात्र तो असा फुकटात मिळाला नाही. त्यासाठी अर्ज करावा लागला, कचेरीत स्वतः जावं लागलं, साहेबांसमोर शपथ घ्यावी लागली. आज त्यांची गोष्ट.

ही माणसं लांबची नाहीत, बरं का. चंद्रपूर शहरात 'बंगाली कॅम्प' नावाचा भाग आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत तर अशी कितीतरी गावं आहेत, की एसटीतून उतरलात तर मराठीच्या जोडीला बंगाली कानावर पडेल. भाताची शेतं, तळी, तळ्यांत मासे. आता तुम्ही म्हणाल, सागवानाच्या आणि वाघांच्या या मुलखात बंगाल आला कुठून?

१९४७ साली फाळणी झाली आणि पूर्व बंगालचा पूर्व पाकिस्तान झाला. तोच आजचा बांगलादेश. १९६४ च्या सुरुवातीला खुलना, ढाका या भागांत मोठ्या दंगली झाल्या आणि हिंदू कुटुंबं सीमा ओलांडून इकडे आली. त्यांत पुष्कळसे नमःशूद्र समाजाचे गरीब शेतकरी. पश्चिम बंगाल आधीच निर्वासितांनी भरलेला. म्हणून त्यांना आगगाडीत बसवून रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये आणलं. तिथून काहींना दंडकारण्यात धाडलं, काहींना तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात. नदीकाठी होडीतून फिरणारी माणसं, त्यांना दिलं जंगल. (आणि ते जंगल काही बिनमालकीचं नव्हतं. गोंड आणि माडिया तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांची बाजूही सांगायला हवी, पण ती एकदा वेगळी सांगू.)

सरकारने राहायला परवानगी दिली, जागा दिली. मग झाले का ते भारतीय? नाही! इथेच खरी गंमत आहे. आता गंमत कसली म्हणा, ज्याचं अडतं त्याला ती गंमत वाटत नाही. समजा, तुमच्याकडे एक पाहुणे आले. सगळ्यांच्या संमतीने आले आणि वीस वर्षं राहिले. म्हणून तुमच्या रेशनकार्डावर त्यांचं नाव आपोआप चढतं का? कुणीतरी जाऊन ते चढवावं लागतं. देशाचंही तसंच आहे. कायदेशीरपणे राहणं ही एक गोष्ट आणि त्या देशाचं होणं ही दुसरी. मधली पायरी माणसाला स्वतः चढावी लागते.

ही पायरी म्हणजे १९५५ चा नागरिकत्व कायदा. ज्यांचा, किंवा ज्यांच्या आईवडिलांचा, जन्म अखंड हिंदुस्थानात झाला होता, त्यांना या कायद्याने नोंदणीचा सोपा रस्ता दिला. त्या काळी अर्जाआधी सहा महिने भारतात राहिलेलं असलं की पुरे. (पुढे १९८६ साली त्याची पाच वर्षं झाली आणि आता सात आहेत.) अर्ज करायचा कलेक्टर कचेरीत आणि शपथ घ्यायची, की मी भारताच्या संविधानाशी निष्ठा राखीन, इथले कायदे पाळीन. शपथ दोन ओळींची. पण कचेरी होती चंद्रपूरला! गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी मुलचेऱ्याकडच्या माणसाला वैनगंगा ओलांडून चंद्रपूर गाठावं लागे. पावसाळ्यात पूर, रस्ते बंद, त्यात शेतीचे दिवस. आणि अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत, तर याला येते बंगाली. मग 'जाऊ पुढच्या वर्षी' असं एखाद्याला वाटलं, तर त्याला नावं ठेवू नका.

पण त्या 'पुढच्या वर्षी'ची किंमत किती, ते बघा. समजा, एक आजोबा आहेत. १९६४ साली लहानपणी पूर्व पाकिस्तानातून आले. त्यांचं लग्न तिकडूनच आलेल्या मुलीशी झालं. दोघांनीही अर्ज केलाच नाही. त्यांना दोन मुलगे झाले, एक १९८५ साली, दुसरा १९८९ साली. एकच आई, एकच घर, एकच शाळा. आता कायदा काय म्हणतो? २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय, आईवडील कुठलेही असोत. म्हणजे थोरला भारतीय. १ जुलै १९८७ पासून मात्र आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. म्हणजे धाकटा? तो नाही! आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला: एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. तुम्ही वाचणारे जवळजवळ सगळे या तारखेनंतरचे. म्हणजे तुमचं नागरिकत्व तुमच्या आईवडिलांवर, त्यांचं कदाचित त्यांच्या आईवडिलांवर. आजोबा चंद्रपूरला जाऊन आले असते आणि तो कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला असता, तर धाकट्याच्या मुलीला पुढे काही अडचणच नव्हती. बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाला 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास' असा दाखला लागतो ना, ज्याला आपण नुसतं 'डोमिसाईल' म्हणतो? तो काढताना हे सगळं वर येतं.

तारखांचा हा खेळ कागदावरचाच आहे असं समजू नका. गडचिरोलीच्या उत्तरेला लागून गोंदिया जिल्हा आहे. तिथे गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. सोळा वर्षं पूर्ण झाली की तिबेटी मुलांना परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि वेळोवेळी त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. २०१० साली नामग्याल डोल्कर या तिबेटी तरुणीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा जिंकला. तिचा जन्म १९८६ सालचा, हिमाचलमधल्या कांगड्याचा. १ जुलै १९८७ च्या आधीचा! न्यायालय म्हणालं, ही जन्मानेच भारतीय आहे, हिला पासपोर्ट द्या. तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या तिबेटी मुलीला हा निकाल कामाचा नाही.

बांगलादेशातून नंतर आलेल्यांसाठी २०१९ साली कायदा बदलला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे नियम आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्ज करू शकतात. मुसलमानांना यातून वगळलं, म्हणून देशभर आंदोलनं झाली, लोक सर्वोच्च न्यायालयातही गेले. इथे अर्ज संगणकावर भरतात, पण शपथेला स्वतः हजर राहावं लागतं. वारंवार संधी देऊनही आला नाही, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. आणि जिल्ह्याच्या समितीचा प्रमुख कोण, ओळखा पाहू? कलेक्टर नव्हे, टपाल खात्याचे अधीक्षक! पत्रं वाटणाऱ्या खात्याकडे आता हेही काम.

ज्यांचं भारताशी असं जुनं नातं नाही, त्यांचं काय? त्यांचा रस्ता लांबचा: चौदा वर्षांतली अकरा वर्षं आणि शिवाय अर्जाआधीचं सलग एक वर्ष भारतात काढलेलं हवं. मूळ देशाचं नागरिकत्वही सोडावं लागतं, कारण दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडे चालत नाही. गेल ऑम्व्हेट यांचं नाव ऐकलंय? जन्म अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या आणि १९८३ साली भारतीय. २०२१ साली वारल्या त्याही कासेगावातच.

या लांबच्या रस्त्यावर एक अट भाषेचीही आहे. अमेरिकेत नागरिक व्हायला मुलाखतीत इंग्रजी तपासतात. आपल्याकडे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक तरी भाषा पुरेशी यावी लागते. त्यात २२ भाषा आहेत: मराठी आहे, बंगाली आहे, संथाळी आहे, संस्कृतही आहे. गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते आणि संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २५ हजारांच्या आत. म्हणजे परदेशातून आलेला एखादा माणूस भामरागडला बारा वर्षं राहिला, शेजाऱ्यांशी अस्खलित गोंडी बोलू लागला, पण दुसरी कुठलीच भाषा शिकला नाही, तर कायद्याच्या लेखी त्याला भारतातली भाषा येत नाही! मला हे फार खटकतं. तुम्हाला काय वाटतं ते पोस्टकार्डावर लिहून कळवा, आणि पेटीत आजोबांचा जुना कागद सापडला, तर त्यावर साल कोणतं आहे तेही लिहा.