गोंधळ ऐकायला गाव हवे

लग्न झाले की घरी गोंधळ घालायचा, हा मराठवाड्यातला जुना कुळाचार. दिवटी पेटते, संबळ घुमतो, तुणतुणे साथ देते आणि गोंधळी आख्यान लावतो. रात्र कशी सरली ते कळत नाही.

बीड जिल्ह्यात मात्र दिवाळीच्या आसपास गावेच्या गावे रिकामी होतात. लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल फिटेपर्यंत फडाकडेची कोप हेच घर. या कष्टांची किंमत शरीर मोजते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो याच जिल्ह्यातून. निम्मे वर्ष गाव ओस पडले, तर गोंधळ्याने आख्यान लावायचे कोणापुढे? आणि पोराला संबळ शिकवायचा तो कशाच्या भरवशावर?

जपानने १९५० मध्ये कायदा करून नोह, काबुकीसारख्या कलांना राष्ट्राचा ठेवा मानले, पुढे निवडक कलावंतांना वार्षिक मानधन दिले. कला जपायची तर कलावंत जगला पाहिजे, हे त्या देशाने ओळखले. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधन आहे; पण कलेला तरुण शिष्य आणि ऐकणारे गावही लागते.

ते गाव टिकवायचे तर शिवारात पाणी मुरावे, कमी पाण्यावरच्या ज्वारी-बाजरीला रास्त भाव मिळावा. शहरात आपण आरोग्यासाठी पुन्हा भाकरीकडे वळलो आहोतच. ज्वारी घेताना आणि गोंधळ्याची बिदागी ठरवताना घासाघीस तेवढी टाळू या. घरच्या कार्यात ध्वनिफीत लावण्यापेक्षा संबळच वाजू द्या.