दुसरी मुलगी कुठून आणायची?

२०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगचा लिलाव आठवतोय का कोणाला? ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा दोघीही 'आयकॉन' खेळाडू, मूळ किंमत ५०,००० डॉलर. मग आयोजकांनी महिला डबल्स हा प्रकारच स्पर्धेतून उडवला, त्याजागी पुरुष सिंगल्सची आणखी एक मॅच घातली आणि या दोघींची मूळ किंमत २५,००० वर आणली. ज्वाला ३१,००० ला दिल्लीकडे गेली, अश्विनी २५,००० ला पुण्याकडे. म्हणजे आधी तुमचं मोड्यूल बंद करायचं आणि मग अप्रेझलमध्ये तोंड वर करून सांगायचं, "तुझ्याकडे सध्या काम कमी आहे."

आता या दोघींचं तोवरचं काम बघा. २०११ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ च्या पदकानंतर भारताला तिथे मिळालेलं ते पहिलंच पदक. त्याआधी २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये सुवर्ण. शेवटच्या दिवशी सायनाने ३८ वं सुवर्ण जिंकलं आणि आपण इंग्लंडला मागे टाकून दुसरे आलो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये ज्वाला-अश्विनीने ३७ वं जिंकलं नसतं, तर? इंग्लंडचीही सुवर्णं ३७ आणि रौप्यपदकं आपल्या दुपटीहून जास्त. दुसरा नंबर गेलाच असता. पोस्टरवर मात्र एकटी सायना. (सायनाबद्दल तक्रार नाही हो, ती ग्रेटच आहे.)

ज्वाला जन्माने आपल्या वर्ध्याची, वाढली हैदराबादला. डावखुरी, फटकळ, आणि नेटजवळ भलतीच चलाख. पण तिची कारकीर्द वाचताना मला सारखं जाणवतं ते हे, की डबल्सच्या खेळाडूचं अर्धं करिअर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतं. २०१३ मध्येच लीगमधल्या एका मॅचच्या वादावरून संघटनेच्या शिस्तपालन समितीने ज्वालावर आजन्म बंदीची शिफारस केली. ज्वाला दिल्ली हायकोर्टात गेली आणि खेळायची परवानगी घेऊन आली. ठीक. पण ती बंदी टिकली असती तर अश्विनीचं काय? तिचा त्या वादाशी काही संबंध नसताना जोडी मोडलीच असती. सिंगल्सवाल्याला घोट्याची दुखापत होते, डबल्सवाल्याला जोडीदाराच्या घोट्याचीही होते!

इंडोनेशियाने हे ओळखलंय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मुद्दाम हरल्याबद्दल महिला डबल्सच्या चार जोड्या बाद झाल्या, त्यातली एक ग्रेसिया पोली. (आपल्या जोडीला त्याच स्पर्धेत गुणांच्या फरकात फक्त एक गुण कमी पडला आणि क्वार्टर फायनल हुकली. असो.) पुढे ग्रेसियाला दहा वर्षांनी लहान अप्रियानी राहायू ही जोडीदार मिळाली आणि २०२१ मध्ये टोकियोला दोघींनी सुवर्ण घेतलं. तेव्हा ग्रेसिया ३३ वर्षांची होती. आपल्याकडे ज्वालानंतर अश्विनी आधी सिक्की रेड्डीबरोबर खेळली, मग मूळच्या गोव्याच्या तनिषा क्रॅस्टोबरोबर पॅरिस २०२४ ला पोचली. तिथे तिन्ही मॅच हरल्या, पण तिशी उलटलेली अश्विनी तिथवर गेली ती नवी मुलगी सापडली म्हणूनच.

मग आमच्या डहाणू-तलासरीकडच्या मुलीने काय करायचं? २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण चर्चगेट सव्वाशे किलोमीटरवर. तलासरीहून तर आधी डहाणू रोड गाठायचं, मग लोकल. रोज अॅकॅडमीला जाऊन परत येणं विसरा. त्यात किनाऱ्यावरचा वारा, म्हणजे उघड्यावर शटल कुठे जाईल ते त्या वाऱ्यालाच माहीत.

धावण्याचं वेगळं असतं. दिल्लीच्या त्याच कॉमनवेल्थमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ आणलं. धावायला एकटीने सुरुवात करता येते. सिंगल्ससुद्धा चांगला कोच असला तर बरंच पुढे नेता येतं, कोच शटल टाकत राहतो, मुलगी मारत राहते. डबल्सचं तसं नाही. हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचावात दोघी शेजारी, आणि हे बदलणं एकमेकींकडे न बघता. ते वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच येतं, आणि सरावाला समोर आणखी दोघी लागतात. त्यात महिला डबल्सच्या रॅली लांबच लांब. २०१६ च्या आशियाई स्पर्धेत जपान आणि इंडोनेशियाच्या जोड्यांची एक सेमीफायनल १६१ मिनिटं चालली होती. दोन तास एक्केचाळीस मिनिटं, काय राव!

म्हणजे हव्यात चार मुली, एकाच ठिकाणी, रोज, सहा-सात वर्षं. शहरात हेच जमत नाही. एकीचा क्लास, दुसरीची दहावी, तिसरीच्या बाबांची बदली. आणि डहाणू, तलासरीत हे आयतं आहे. आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळा! मुली तिथेच राहतात, तिथेच शिकतात, संध्याकाळी मैदानावर एकत्रच असतात. डबल्सची सगळ्यात महाग गोष्ट, म्हणजे जोडीदार, तिथे शेजारच्या कॉटवर झोपते.

माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दोन कोर्टांचा, पुरेशा उंचीचा बंद हॉल बांधावा, डबल्स शिकवणारा एक पूर्णवेळ कोच द्यावा आणि मुलींची निवड सुरुवातीपासून डबल्ससाठीच करावी, सिंगल्समध्ये मागे पडल्या म्हणून नव्हे. उबर कपच्या लढतीत पाचातल्या दोन मॅच डबल्सच्या असतात, तेव्हा हा काही छंदवर्ग नव्हे. खर्चाची खरी गोम हॉलमध्ये नाही, शटलमध्ये आहे. पिसांची शटल्स भराभर तुटतात आणि डझनाला हजाराच्या वर पैसे लागतात. पहिलं वर्ष नायलॉनवर निघेल. दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला पिसांच्या शटलचे डबे कोण पाठवणार, हे मात्र हॉलचा पाया खणायच्या आधी लेखी ठरायला हवं.