मंगळसूत्राचं बिल

दर उन्हाळ्यात आणि दर डिसेंबरात मला हा मेसेज येतो. "थायलंडला जायलोय बे. बायकोला मंगळसूत्र घालू देऊ का नको?" थायलंडच्या जागी कधी दुबई असते, कधी बाली. विचारणारे बहुतेक जुळे सोलापुरातलेच असतात, माझ्याबरोबर इंजिनिअरिंग केलेले, नुकती लग्नं झालेले. भीती जातानाची नसते, येतानाची असते. बाहेर पडताना कुणी काही विचारत नाही. स्वतःच्या देशात परत पाऊल टाकताना मात्र कस्टमवाला अडवेल, बिल मागेल, सोनं काढून घेईल ही धास्ती असते.

भीती बिनबुडाची नाही, हे आधीच सांगतो. पण त्या मेसेजमधल्या "घालू देऊ का" या तीन शब्दांवरही मला बोलायचंय. त्याकडे नंतर येतो.

आधी कायदा बघू, कारण ग्रुपवर फिरणाऱ्या फॉरवर्डपेक्षा तो जास्त चमत्कारिक आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत एक वाक्य होतं: एका प्रवाशाची करमुक्त सवलत दुसऱ्या प्रवाशाच्या सवलतीत मिळवता येणार नाही. नवरा-बायको असले तरी नाही. रेशनकार्ड एक, घराचं कर्ज एकत्र, विमानाचं बुकिंग एका पीएनआरवर, पण सामानाच्या पट्ट्याजवळ आल्यावर तुम्ही दोन अनोळखी माणसं. अमेरिकेत एका घरात राहणारं कुटुंब एकच जाहीरनामा भरू शकतं आणि प्रत्येकाची ८०० डॉलरची सूट एकत्र धरता येते. ब्रिटनमध्ये तसं करता येत नाही. म्हणजे आपला नियम जगावेगळा नाही, आणि नुसता तेवढाच असता तर मी हा लेख लिहिला नसता. दोन माणसं तर दोन माणसं. पण मग दोघांना दोन माणसांसारखं वागवा.

त्याच नियमांत 'वैयक्तिक वापराच्या वस्तू'ची व्याख्याही होती: रोजच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू, पण त्यात दागिने धरायचे नाहीत. ज्या देशात लग्न झालेल्या बाईचा गळा रिकामा दिसला तर लिफ्टमधल्या मावशी चौकशी करतात, त्या देशाच्या नियमात मंगळसूत्र रोजच्या वापरातलं नाही! आमच्या गावात तर एकाच गल्लीत त्याचे तीन प्रकार सापडतात. मराठी घरात वाट्या, पूर्व भागातल्या पद्मशाली घरात पुस्तेलू, कानडी लिंगायत घरात ताळी. हे सगळं रोज अंगावर असतं, अंघोळीलाही उतरत नाही.

सूट फक्त एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना होती. पुरुषाला २० ग्रॅम, पण किंमत ५०,००० रुपयांच्या आत. बाईला ४० ग्रॅम, पण किंमत १ लाखाच्या आत. नियम आले तेव्हा दहा ग्रॅम सोनं तीस हजारांच्या आसपास होतं, म्हणजे लाखात तीन तोळ्यांच्या वर बसत होतं. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. कागदावर ४० ग्रॅम लिहिलेले, प्रत्यक्षात दहाही नाहीत. कोडमध्ये कुणीतरी आकडा हार्डकोड करून ठेवला आणि नऊ-दहा वर्षं त्या फाइलकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी २ फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियम आले, किमतीची अट गेली, वजनाची राहिली. बरं झालं. पण सूट अजूनही वर्षभर बाहेर राहिलेल्यालाच आहे. दहा दिवस फुकेतला जाऊन येणाऱ्या जोडप्याला ती नाहीच.

तुम्ही म्हणाल, इथून घालून गेलेलं सोनं परत आणलं तर त्यावर कर कसला? बरोबर. कर नाही. पण इथूनच नेलं होतं हे दाखवायचं तुम्ही. त्यासाठी निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं, अशी सोय आहे. ती कशी चालते तेही सांगतो. आम्ही दोघं कामासाठी म्युनिकला निघालो तेव्हा मी विमानतळावर चौकशी केली. रात्रीचे दोन वाजले होते. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, व्हॅल्युअरचा दाखला आणलाय का? नव्हता. मग नाही होणार, असं सांगून तो पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला. चेक-इन बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. आणि सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं आलेल्या माणसानं मुंबईत रात्री दोन वाजता व्हॅल्युअर कुठून पैदा करायचा?

चौदा महिन्यांनी, गेल्या नोव्हेंबरात, आम्ही परतलो. विमानतळाचं नाव लिहीत नाही, कारण मला त्या एका माणसाशी भांडायचं नाहीये. ग्रीन चॅनेलमध्ये थांबवलं. बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात दोन पाटल्या. पाटल्या तिच्या आजीच्या. अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ये किसका है?" बायको म्हणाली, माझं आहे. त्यानं पुढचा प्रश्नही मलाच केला. "सर, बिल है?" बायको सांगायला लागली की पाटल्या तिच्या आईनं लग्नात दिल्यात, त्याआधी त्या आजीच्या होत्या. तर उत्तर आलं, "मॅडम, आप रुकिए, मैं सर से बात कर रहा हूँ।" ती माझ्यापेक्षा मोठ्या टीमचं टेस्टिंग सांभाळते. चौदा महिने जर्मन माणसांना तुमचं काय चुकलंय हे तोंडावर सांगत होती. इथं तिच्याच हातातल्या वस्तूबद्दल तिला गप्प केलं.

मी म्हटलं, त्यांनाच विचारा, दागिने त्यांचे आहेत. यावर मला उद्धट ठरवलं गेलं.

मग वजन करायचं ठरलं. पाटल्या निघेनात. कुणीतरी सॅनिटायझरची बाटली आणली. चार लोकांसमोर ती मनगट चोळत उभी राहिली, कातडी लाल झाली. दरम्यान माझ्या फोनवर लग्नाचे फोटो शोधायचं काम चालू होतं, कारण पुरावा म्हणून दुसरं काहीच नव्हतं. एक अधिकारी रिसेप्शनच्या फोटोत तिचा हात झूम करून नक्षी जुळवत होता. पन्नास मिनिटांनी "जाइए" म्हणाले. कागद नाही, पावती नाही, का थांबवलं त्याची नोंद नाही. आमच्या कंपनीत सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तरी लॉग राहतो, कुणी काय केलं ते वेळेसकट दिसतं. इथं पन्नास मिनिटांचा कुठे मागमूसही नाही. उद्या तक्रार केली तर सिद्ध काय करणार?

आणि आता जो आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो तो. प्राप्तिकर खात्याच्या मंडळाची ११ मे १९९४ ची एक सूचना आहे, क्रमांक १९१६. घरावर धाड पडली तरी विवाहित बाईचे ५०० ग्रॅम, अविवाहित बाईचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅम सोन्याचे दागिने जप्त करायचे नाहीत, असं ती सांगते. कारण उघड आहे. सरकारला माहीत आहे की या देशात सोनं आईकडून, सासूकडून, आजीकडून येतं आणि त्याला बिल नसतं. मोडून पुन्हा घडवलं तर सराफाची घडणावळीची चिठ्ठी असते, तीही दोन दिवाळ्यांनी कपाट आवरताना जाते. प्राप्तिकर मंडळ आणि कस्टम्सचं मंडळ दोन्ही एकाच अर्थ मंत्रालयात, एकाच महसूल विभागाखाली येतात. एका खात्याला धाडीतसुद्धा ५०० ग्रॅम स्वाभाविक वाटतात आणि दुसऱ्याला हातातल्या चार तोळ्यांसाठी सॅनिटायझर लागतो.

सीमाशुल्क कायदा १९६२ चा, त्याचं कलम १२३ सोन्याला लागू आहे. अधिकाऱ्याला वाजवी कारणावरून वाटलं की सोनं तस्करीचं आहे आणि त्यानं ते जप्त केलं, की ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. हे कलम त्या काळासाठी समजू शकतं. सुवर्ण नियंत्रण होतं, १९६३ मध्ये तर १४ कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायलाही बंदी आली होती, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री सोनं उतरत होतं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. काउंटरवरचा संशय तसाच राहिला.

न्यायालयांना हे दिसत नाही असं नाही. २०२३ च्या डिसेंबरात चेन्नई विमानतळावर श्रीलंकेच्या एका नवविवाहितेची ताळी उतरवून जप्त केली होती. २०२५ च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं दागिने परत द्यायला सांगितलं आणि संबंधित अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करायला सांगितली. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालाचा आधार घेऊन, अंगावरचे वैयक्तिक दागिने नियमातल्या 'दागिने' या शब्दात सरसकट ढकलता येणार नाहीत असं म्हटलं. पुढे २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर छापील फॉर्मचा प्रकार आला. मला नोटीस नको, सुनावणी नको, असं आधीच छापून ठेवलेलं आणि प्रवाशाची फक्त सही घ्यायची. कलम १२४ प्रमाणे नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हा तुमचा हक्क आहे, म्हणून असे छापील फॉर्म न्यायालयानं मान्य केले नाहीत. रात्रभर विमानात बसून आलेला माणूस पुढे सरकवलेल्या कागदावर सही करतोच. त्यासाठीच तो छापलेला असतो.

"मग तस्करी होऊ द्यायची का?" हा प्रश्न येणार. तस्करी होते, भरपूर होते. मार्च २०२५ मध्ये बंगळुरू विमानतळावर एका अभिनेत्रीकडे १४ किलोच्या वर सोनं सापडलं. पोलिसांच्या प्रोटोकॉलचा वापर करून ती तपासणी टाळत होती असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आरोप खरा ठरला तर किलोनं आणणाऱ्याला सोबत मिळते आणि पाटल्या घातलेली बाई रांगेत मनगट चोळते, असा हिशोब होतो. मी तपासणीच्या विरोधात नाही. पेस्ट करून, पट्ट्यात शिवून, बिस्किटं करून आणलेलं सोनं आणि झिजलेल्या काळ्या मण्यांतल्या दोन वाट्या यातला फरक ओळखणं हेच त्या अधिकाऱ्याचं काम आहे, आणि तेवढं प्रशिक्षण त्याला असतं.

आता "घालू देऊ का" कडे येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय की स्त्रीधन बाईचंच असतं, नवऱ्याकडे ते फार तर विश्वासानं ठेवलेलं असतं. म्हणजे कस्टमवाल्यानं मला बिल विचारणं कायद्यानंही चूक होतं. पण तो असं का विचारतो? कारण बहुतेक नवरे उत्तर देतात. पुढे होतात, "साहेब, घरचंच आहे" म्हणतात, हसून घेतात, बायकोला डोळ्यांनी गप्प करतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला नंतर शहाणपण शिकवलं: "बायकांना बोलू द्यायचं नसतं रे तिथं, तू गोड बोलून मोकळं व्हायचंस." सवलत मोजताना दोन माणसं आणि बोलताना एकच, ही सोय अधिकाऱ्यालाही परवडते आणि नवऱ्यांनाही. सामान उघडलं गेलं की बायको आपोआप सामानात जमा होते. मंगळसूत्र घरी ठेवायचं की घालायचं हे तिला ठरवू दे ना. तुला विचारायचंच असेल तर मला नको, तिला विचार.

मागणी फार मोठी नाही. जिचा दागिना तिला विचारा. पंधरा मिनिटांच्या वर थांबवलं तर कारण, वेळ आणि अधिकाऱ्याचा क्रमांक असलेली चिठ्ठी द्या. १९९४ च्या सूचनेतली समजूत विमानतळावरही लावा, म्हणजे अंगावरच्या बेताच्या दागिन्यांना बिल मागायचं असेल तर आधी संशयाचं कारण लिहा. आणि निर्यात प्रमाणपत्र फोनवर द्या. कस्टम्सचं 'अतिथी' नावाचं ॲप आहे, येणाऱ्या प्रवाशाला त्यात सामान जाहीर करता येतं. निघताना दागिन्याचा फोटो, वजन आणि पासपोर्ट क्रमांक घेऊन पोच देणं हे दोन आठवड्यांचं काम आहे. बॅकएंड मी फुकट लिहून देतो.

तोपर्यंत बायकोनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, तिच्या नावानं. गेल्या पाच वर्षांत किती प्रवाशांना निर्यात प्रमाणपत्रं दिली, रात्री बारा ते सहा या वेळेत किती दिली, आणि ग्रीन चॅनेलमध्ये थांबवलेल्या प्रवाशांची नोंद कुठल्या रजिस्टरात होते, असे तीन प्रश्न. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आज एकविसावा दिवस आहे.